न तपासलेला मजकूर

छापखान्यात त्याला सगळे मात्रा म्हणत. खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. लेखक कितीही नावाजलेला असो, मालक कितीही घाईत असो, प्रुफं याच्या टेबलावर आली की कोणाची मात्रा चालत नसे. शेवटी ती पदवी त्यालाच देऊन लोक मोकळे झाले. त्यालाही नाव आवडलं होतं. निदान कोणी ते चुकीचं लिहीत नसे.

मात्राची काम करायची एक रीत होती. तो पान शेवटून वाचायचा. शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या अलीकडचा, असं मागे मागे सरकत तो वरच्या ओळीपर्यंत पोचायचा. नव्या माणसांना वाटे, याला काहीतरी झालंय. मग मात्रा पेन्सिल कानावर ठेवून समजावी, "सरळ वाचलं की माणूस गोष्टीत गुंततो, आणि गुंतलेल्या डोळ्याला चूक दिसत नाही. अर्थ हा आपल्या धंद्याचा शत्रू आहे बाबांनो!" आणि ते खोटं नव्हतं. एकदा एक जाडजूड रहस्यकथा त्यानं डाग नाही अशी स्वच्छ करून दिली. छपाईवाल्यानं उत्सुकतेनं विचारलं, "मात्रा, शेवटी खून केला कोणी?" मात्रा विचारात पडला. "खून झाला होय त्यात? 'खू' दीर्घ होता, एवढं मी पाहिलंय."

असा हा माणूस साठीला टेकता टेकता प्रेमात पडला, आणि तोही शिवणयंत्रापायी.

यंत्र अक्काचं. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. सगळी हयात नर्स म्हणून काढलेली, त्यामुळे कोणाचं कुठे दुखतं ते तिला बरोबर ठाऊक, आणि इंजेक्शन नेमकं तिथेच द्यायची सवय. यजमान गेल्यावर ती भावाकडे राहायला आली. "तू जेवतोस की नाही ते पाहायला कोणीतरी हवं," असं म्हणत आली आणि आपलं शिवणयंत्र घेऊन आली. ते एक दिवस अडून बसलं, आणि मात्रा ते उचलून दुरुस्तीला घेऊन गेला.

दुकान चौकाजवळच्या गल्लीत होतं. एकच खोली, भिंतीवर टांगलेले पट्टे, बॉबिनांनी भरलेले डबे, आणि सगळीकडे यंत्राच्या तेलाचा वास. दुकान चालवणारी बाई पन्नाशीची. नवऱ्याच्या हाताखाली काम शिकलेली. तो गेला तेव्हा 'आता दुकान बुडणार' असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांची यंत्रंसुद्धा पुढे तिनंच दुरुस्त केली होती.

तिनं यंत्र उघडलं, आत पाहिलं आणि विचारलं, "दोरा कुठला घालता हो यात? सुतळी?"

"मी नाही, अक्का घालते."

"मग अक्कांना म्हणावं, यंत्र गरीब आहे म्हणून सोसतंय. माणूस असता तर पळून गेला असता."

मात्रा हसला. छापखान्यात तो हसल्याची शेवटची नोंद बरीच जुनी असावी.

त्यानंतर अक्काच्या यंत्राची तब्येत भलतीच नाजूक झाली. आज सुई, उद्या तेल, परवा पट्टा. "माझं यंत्र इतकं अंथरुणाला खिळलंय, हे मलाच माहीत नव्हतं," अक्का म्हणाली. पण सुया मात्र निमूटपणे ठेवून घेत गेली. घरात सुया इतक्या झाल्या की त्यांतून एक छोटं दुकान निघालं असतं. नफातोट्याच्या भाषेत सांगायचं तर मात्रा प्रत्येक खेपेला सुईचे पैसे मोजत होता आणि बदल्यात एक कप चहा आणि दोन टोमणे घेऊन परतत होता. सौदा फायद्याचा होता.

एकदा तिनं दुकानावर लावायची सूचना त्याच्यापुढे धरली. "हे जरा बरोबर करून द्या की. मला आपलं बोलता येतं, लिहिताना सगळं वाकडं होतं." मात्रानं ती सूचना अशी सरळ करून दिली की गिऱ्हाईक थांबून वाचू लागलं. "तुमच्यामुळे माझं दुकान शिकल्यासारखं दिसायला लागलं," ती म्हणाली. ते कौतुक मात्रानं घरापर्यंत तोंडात खडीसाखर धरावी तसं नेलं. पुढे तेच अंगाशी आलं, पण ते नंतर.

लग्नाचं विचारायचं त्यानं ठरवलं होतं. अक्काला सांगूनही झालं होतं. अडलं होतं ते वाक्यापाशी. 'आपली अनुमती असल्यास' म्हणावं की 'आपली हरकत नसल्यास'? एकात आर्जव जास्त, दुसऱ्यात शंका जास्त. 'उर्वरित आयुष्य' म्हटलं की दुकानातला उरलासुरला माल वाटतो. 'सहजीवन' म्हटलं की पुस्तकाचा मथळा. असं करता करता उन्हाळा सरला.

आणि मग एक दिवस ती स्क्रू पिळता पिळता म्हणाली, "मुलगा मागे लागलाय. म्हणतो, पुरे झालं हे तेलातलं जगणं, दुकान बंद कर आणि आमच्याकडे राहायला चल. त्याचं गाव इथून दिवसभराच्या वाटेवर." एवढं बोलून तिनं मान वर केली आणि त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मात्राला कळलं. कळलं नाही असं नाही. पण वाक्य अजून कच्चं होतं.

"कच्चं तर कच्चं, बोलून टाक!" घरी अक्का कडाडली. "ती काय छापणार आहे ते?"

"अक्का, अशा गोष्टी एकदाच विचारायच्या असतात. त्या निर्दोष नकोत का?"

"तू निर्दोष राहा. आणि एकटाही राहा."

शुक्रवारी छापखान्यात नुसती धांदल उडाली होती. मालक फोनवरून जाहिरातींमागून जाहिराती पाठवत होता आणि मात्रा त्या शेवटून तपासून, दुरुस्त करून, खाली चुकांची संख्या टाकून परत पाठवत होता. त्या रांगेतच तिचा मजकूर आला. तिचा, हे पाहून मात्राच्या ओठाला जरा हसू फुटलं. बाईनं पुन्हा दुकानासाठी काहीतरी लिहिलेलं दिसतंय. दुकान शिकल्यासारखं दिसायला हवं ना! मोठ्या मायेनं त्यानं शेवटचा शब्द धरला आणि उलटा चालू लागला. सगळं सरळ करून त्यानं ते तिला पाठवलं, आणि खाली लिहिलं : 'शुद्ध प्रत पाठवीत आहे. एकूण चौदा चुका. प्रगती उत्तम.'

त्यावर उत्तर आलं नाही. शनिवारी तो दुकानावरून गेला, तर शटर अर्धं खाली, आणि आत ती पाठमोरी उभी राहून खोक्यांत काहीतरी भरत होती.

"काय चाललंय?" त्यानं वाकून विचारलं.

"आवरतेय," ती म्हणाली. वळलीसुद्धा नाही. ना चहा, ना टोमणा.

टोमणा नाही म्हटल्यावर मात्रा आल्या पावली परतला.

रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात पाव चघळत बसला होता. अक्कानं त्याचं तोंड पाहिलं आणि समोर खुर्ची ओढली.

"कुठे दुखतंय?"

"ती बोलत नाही माझ्याशी. परवापासून."

"परवा काय झालं?"

"काही नाही. तिनं काहीतरी लिहून पाठवलं होतं, मी ते दुरुस्त करून दिलं."

"काय लिहिलं होतं?"

"चौदा चुका होत्या."

"चुका नाही विचारत मी, शहाण्या. म्हणाली काय ती?"

मात्रा आठवू लागला. ती काय म्हणाली होती? अनुस्वार कुठे सुटले होते ते आठवत होतं. पूर्णविराम एकही नव्हता, तेही आठवत होतं.

अक्कानं फोन हिसकावला, चष्मा लावला आणि मोठ्यानं, सरळ, पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली :

'मुलगा आनी सुन रवीवारी येनार सामान बांधायला मला जायच नाही मला तुमच्या बरोबर राहायच आहे लग्न करुन तोंडावर बोलायला धीर होत नाही म्हनुन लिहीते तुमाला पन तस वाटत असेल तर रवीवारी सकाळी दुकानात या नसेल वाटत तर येऊ नका मी समजुन घेईन'



"हे... तिनं लिहिलंय?" मात्राचा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी निघाला.

"नाही, मी लिहिलंय! अरे, बाईनं काळीज काढून तुझ्या हातावर ठेवलं, आणि तू त्याला स्वल्पविराम लावून परत केलंस? 'प्रगती उत्तम' म्हणे! मागे एक स्थळ आलं होतं तेव्हा सासऱ्याचं पत्र दुरुस्त करून धाडलंस. आता थेट नवरीचं!"

"अक्का, मी लगेच उत्तर लिहितो. नीट, सविस्तर..."

"लिहितो?" अक्कानं फोन पदराआड धरला. "रविवार आजच आहे. सकाळ अजून थोडी शिल्लक आहे. ऊठ!"

"निदान शर्ट तरी..."

"ऊठ!!"

फोन त्याच्या खिशात कोंबून तिनं त्याला दाराबाहेर ढकलला.

बस नुकतीच गेली होती. मात्रा चालू लागला, मग भरभर चालू लागला, मग त्या वयाला शोभेल न शोभेल असा पळू लागला. पळता पळताही वाक्य जुळवणं सुरूच होतं. 'आपण पाठवलेल्या मजकुराचे आशयाच्या दृष्टीने वाचन करण्यात माझ्याकडून जी अक्षम्य...' चौकात आल्यावर त्याला कळलं, की या वाक्याचं क्रियापद येईपर्यंत ती गाडीत बसलेली असेल.

दुकानासमोर एक टेम्पो उभा होता. मुलगा खोकी उचलून देत होता. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला आठी. आत सून भिंतीवरचे पट्टे काढून गुंडाळत होती. आणि ती? ती शेवटच्या यंत्राला तेल घालत होती. बंद करायच्या दुकानातल्या यंत्राला कोणी तेल घालत नाही. पण हे मात्राच्या लक्षात यायला तो शुद्धीवर हवा ना.

"काका, दुकान बंद झालं," मुलगा म्हणाला.

"मी गिऱ्हाईक नाही. मी... म्हणजे, होतो..." मात्राला धाप लागली होती.

"आई, कोण हे?"

तिनं मान वर केली. चेहरा कोरा. "हे होय? हे माझे मास्तर. माझे पेपर तपासतात."

"पेपर?"

"हो ना. परवा मी एक निबंध लिहिला होता. चौदा चुका निघाल्या." तिनं तेलाची बुधली बाजूला ठेवली. "प्रगती मात्र उत्तम आहे म्हणे."

सुनेचे हात थांबले. पोरगी चलाख होती. तिनं सासूकडे पाहिलं, या धापा टाकणाऱ्या काकांकडे पाहिलं, आणि पट्ट्यांचा गुंडा अलगद खाली ठेवला.

"मी तुमच्याकडे... तुमच्याशी," मात्रानं सुरुवात केली. "नाही, म्हणजे, मला आपल्यापाशी असं व्यक्त करायचं... असं सांगायचं होतं, की जे झालं ते... जे घडलं ते..." प्रत्येक शब्द बाहेर पडला की आतला प्रुफवाला त्यावर काट मारी आणि दुसरा पुढे ढकली. कपाळावरून घाम ओघळत होता. वाक्य म्हणजे दुरुस्तीला काढलेला रस्ता झाला होता; तिकडून कोणी येईना, इकडून कोणी जाईना.

"काका," मुलगा घड्याळाकडे पाहत म्हणाला, "आम्हाला अंधार पडायच्या आत पोचायचंय. नेमकं काय हवंय तुम्हाला?"

"तेच... तेच मी..."

"अहो काका," सून गालातल्या गालात हसत म्हणाली, "बोलता येत नसेल तर लिहून पाठवा! आई वाचतील."

ती म्हणाली थट्टेत. पण बुडणाऱ्याला काडी कोणी थट्टेत फेकली तरी ती काडीच असते. मात्रानं खिशातून फोन काढला. तिथेच, उंबऱ्यात उभं राहून, टेम्पोवाल्याच्या देखत त्याचा अंगठा पळू लागला. अक्षरं चुकीच्या जागी पडत होती, आतला प्रुफवाला ओरडत होता, थांब, मागे जा, तो अनुस्वार बघ! मात्रा थांबला नाही. मागे गेला नाही. त्यानं बटण दाबलं.

तिच्या एप्रनच्या खिशात फोन वाजला.

तिनं हात पुसले. सावकाश. चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. मग वाचलं. ओठ हलत होते, कारण ती नेहमीच तशी वाचायची, एकेक शब्द सुईत ओवल्यासारखा. वाचून झालं तरी ती मजकुराकडे पाहतच राहिली.

"तपासलंत?" तिनं विचारलं.

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

"उलटं वाचून?"

"उलटंही नाही. सरळही नाही. तपासायला बसलो असतो तर पाठवलंच नसतं मी. आत काय काय चुकलंय ते मला माहीतसुद्धा नाही."

आणि हे वाक्य, लक्षात घ्या, तो एका दमात बोलला. आयुष्यात पहिल्यांदा.

मुलगा पुढे झाला आणि आईच्या खांद्यावरून डोकावला. मजकूर असा होता :

'मी गाढव आहे तुमच वाचलच नाही नुसत्या चुक पाहील्या हो हो हो मला ही तेच हवय कधी पासुन जाऊ नको नका'

"आई, अगं यात धड एक वाक्य नाही!"

"नसू दे रे," ती म्हणाली. चेहऱ्यावरचा कोरेपणा कधीच गळून पडला होता. "उत्तर आहे ना."

"कशाचं उत्तर? आई, हे काय..."

"मी विचारलं होतं यांना. लग्न करता का म्हणून. रात्रभर वाट पाहिली, मग खोकी भरायला घेतली. हे असे अक्षरं मोजत बसलेले, मला काय ठाऊक!" तिनं मुलाच्या गालाला हात लावला, गालावर तेलाचा ठसा उमटला. "तुझ्याकडे येईन मी. सणासुदीला, पाहुणी म्हणून, चार दिवस लाड करून घ्यायला. राहायला नाही. माझं दुकान आहे."

 रागावायचं की नाही याचा मुलाचा हिशेब चालला होता. तेवढ्यात सुनेनं एक खोकं उचललं आणि टेम्पोतून परत आत आणायला सुरुवात केली.

"अगं, तू काय करतेस?"

"आवरतेय. काल झोपेतसुद्धा विचार करत होते मी, एवढी यंत्रं आपल्या घरात ठेवायची कुठे? गच्चीत? चला, धरा तिकडून." मग मात्राकडे वळून, "काका, नुसते उभे काय राहिलात? लग्नघरचे आहात ना? शटर वर करा!"

मात्रानं शटरला हात घातला. ते गंजकं, अर्ध्यावर अडलेलं शटर त्यानं असं वर फेकलं की साऱ्या गल्लीनं वळून पाहिलं. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. "दुकान बंद होतंय असं ऐकलं होतं?"

"चुकीचं ऐकलंत!" मात्रा गरजला. एवढी एकच चूक त्या दिवशी त्यानं दुरुस्त केली.

मुलानं शेवटी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या. दोन-तीन खोकी आत आल्यावर त्याची आठी थोडी सैलावली, आणि यंत्र पुन्हा जागेवर ठेवताना तो हळूच म्हणाला, "काका, आई चहात साखर विसरते. सांगितलं तर रागावते."

"मी सांगणार नाही," मात्रा म्हणाला. "चुका काढणं सोडलंय."

"छापखान्यातसुद्धा?" तिनं आतून विचारलं.

"छे! तिथे कसं सोडेन? पुस्तक घेणाऱ्यानं पैसे मोजलेले असतात."

"मग ठीक. पुस्तकात एक चूक राहिली तर मीच तुम्हाला बोलेन. घरात मोजायच्या नाहीत."

इतक्यात अक्का धापा टाकत दारात उगवली. रिकाम्या हातानं.

"अक्का ना तुम्ही? यंत्र कुठाय?" दुकानवालीनं विचारलं.

"यंत्र घरी ठणठणीत आहे. ते कधीचंच बरं झालंय. रोगी हा होता." अक्कानं भावाचा चेहरा पाहिला, दुकानात परत लागणारे पट्टे पाहिले आणि स्टूल ओढून बसली. "चहा टाका कोणीतरी. पळवलंय मला म्हातारपणी."

लग्न झालं. साधंच झालं. निमंत्रणपत्रिका तिनं लिहिली आणि मात्रानं ती जशीच्या तशी छापखान्यात दिली. छपाईवाला पत्रिका हातात धरून त्याच्या टेबलाशी आला. "मात्रा, यात चुका आहेत हो. काय करू?"

"छाप," मात्रा म्हणाला. "सगळे येतील."

सगळे आले.

छापखान्यात तो अजूनही तसाच आहे. परवाच एका मोठ्या लेखकाचं पान त्यानं तिसऱ्यांदा परत केलं, आणि लेखक पाय आपटत निघून गेला. त्याच वेळी फोन वाजला. मात्रानं कानावरची पेन्सिल काढली. मग ती परत कानावर ठेवली आणि मजकूर पहिल्या शब्दापासून वाचला :

'येताना दुध आना दोन बाटल्या आनी लवकर या'

तो दूध घेऊन गेला. दोन बाटल्या. लवकर.